धुऊन टाकलेला पूर

तीर्थस्वरूप सम्मेद अण्णांना कृष्णाकाठाहून रायगोंडाचा जय जिनेंद्र.

आपले गुडघे कसे आहेत? जतला अजून टँकरच येतो का? आमच्याकडं नको इतकं पाणी आलं होतं, पण तिकडं पाठवायची सोय नाही. इकडं सर्व खुशाल (झोप नाही, छातीत धडधडतं, डाव्या कानात अजून पूर आहे, बाकी खुशाल).

पाणी ओसरलं आणि पर्युषण तोंडावर आलं. तुमची बहीण तुम्हाला ठाऊकच आहे. गाव गाळाकडं बघत डोक्याला हात लावून बसलं होतं, तेव्हा गुणमाला खराटा घेऊन घरात शिरली. भिंती धुतल्या, फरशी धुतली, मी मधे उभा होतो तर मलाही धुतलं. वर्षाचे जोंधळे कुजले होते ते लगेच खड्ड्यात पुरले, कुजलेल्या गाद्या लांब नेऊन टाकल्या आणि भिंतींवर चुन्याचा हात फिरवला. पातेल्यात एक जिवंत मासा अडकला होता (आमच्या स्वयंपाकघरात मासा! शेजारी अजून हसतात). त्याला बादलीतून नदीत सोडायला मलाच पाठवलं. मी वाटेत दोनदा पडलो, मासा सुखरूप पोचला. आमचा एकमेव साक्षीदार तो.

कारण मग पंचनाम्याचे साहेब आले. लखलखीत पेल्यातून चहा प्याले, भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला चुना लागला. “आजोबा, पाण्याची खूण कुठाय?”

म्हटलं, “आवं साहेब, हितं छातीपातूर पानी हुतं. हिनं धुतलं.”

“घर बघून लय बरं वाटलं. असंच ठेवा,” म्हणाले आणि ‘नुकसान नाही’ असं लिहून गेले.

माळावरच्या धैर्यशीलला पूर बघायचा तर गच्चीवर चढावं लागतं. पण त्याची गच्चीवरची टाकी कैक वर्षं गळते आणि भिंतींवर छतापासून हिरवीकाळी ओल उतरली आहे. त्याचा पुतण्या पंचायतीत आहे, त्यानं स्वतः टॉर्च धरून ती ओल दाखवली. “बाप रे, छतापर्यंत पाणी!” असं साहेब म्हणाले म्हणे. मदतीच्या यादीत धैर्यशील पहिला. मला म्हणतो, “काका, मानसानं एवढं सोच्छ ऱ्हाऊ न्हाई.” वर मदतीत मिळालेली एक चादर त्यानं आम्हाला दान दिली. गुणमालानं तीही धुतली.

सोमवारी साहेब पुन्हा बघायला येणार आहेत. यावेळी नाव लागलं नाही तर वर्षभर खायचं काय, या काळजीनं मला घास उतरत नाही. भिंतीला थोडा गाळ लावू म्हटलं, तर ती म्हणाली, “पर्युषणात घरात चिखल? आधी मला भायेर काढा.”

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार.

आपला रायगोंडा

ता. क. : सोमवारच्या आत सहज भेटायला म्हणून याल का? येताना पिशवीभर माती आणा. इथं गाव भरून गाळ आहे, पण ती माझे पाय दारातच तपासते. भावाची पिशवी तपासणार नाही. तुमची माती कोरडी असली तरी चालेल, पाणी मी घालीन.

ता. क. दुसरा : अण्णा, ह्यांना पत्ता नीट लिहिता येत नाही म्हणून पत्र माझ्याकडं दिलं. माती आणू नकोस. माझा लग्नाचा शालू अजून तसाच चिखलानं भरलेला ट्रंकेत आहे. तेवढा धुवायला हात धजला नाही. सोमवारी तोच साहेबांपुढं पसरीन. चहा देणार नाही. तू ये, पण पाय धुऊन ये. — गुणमाला