परसोंचं पोतं

सर, तुमच्या कपाटातल्या दगडांची यादी माझ्या टेबलावर येऊन आठ दिवस झाले. पुनर्रचनेत आपला विभाग दुसऱ्या विभागात जातो आहे. शेजारच्या खोल्या रिकाम्या झाल्या, यंत्रं गेली, मी तेवढी उरले. कुठला नमुना कुठल्या टेकडीवरचा, हे मी सही करून द्यायचं. नवे साहेब दारातूनच विचारतात, "मॅडम, एक साइन का काम है, इतना क्या सोच रहे?" यादीत सतरावा नमुना त्या पोत्यातला आहे.

तेव्हा तुम्हाला पुण्याहून इथे हैदराबादला येऊन वर्षही झालं नव्हतं. दगड भरडायचं यंत्र त्या दुपारपुरतंच मिळालं होतं आणि शेडमध्ये दोन पोती, दोन्ही बिनचिठ्ठीची. दोनच दिवसांपूर्वी आपण शहराबाहेरच्या टेकडीवरून ग्रॅनाइट आणला होता. ड्रायव्हरमियाँ एका पोत्यावर पाय ठेवून म्हणतात, "परसों लाए सो येइच है, साब." तुम्ही माझ्याकडे वळता. "परसों म्हणजे?" मी म्हणते, "परवा, सर," आणि चिठ्ठी लिहिते.

त्याच भुकटीतून झिरकॉन या खनिजाचे कण वेचायला तुम्ही शिकवलंत. स्वतःची लाकडी मुठीची सुई मला देऊन टाकलीत. कणातल्या युरेनियमचं किती शिसं झालं, त्यावरून वय काढलं. ते अपेक्षेपेक्षा फार जुनं निघालं, आणि तुम्ही कर्नाटकातल्या अतिप्राचीन आद्य खंडाची कड नकाशावर थेट हैदराबादपर्यंत ओढलीत. त्या रेषेने तुमचं नाव झालं. माझी नोकरीही त्याच रेषेवर उभी राहिली.

मियाँ निवृत्त झाले तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. चहा पिताना मी त्या पोत्याचा विषय काढला. ते हसले. "वो बोरा? वो तो मेरी शादी के पहले का. कर्नाटक को गए थे ना, तब का." मी म्हटलं, "आप तो परसों बोले थे." "हौ मॅडम, परसोंच तो." इथे परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. मग मी टेकडीचा ताजा दगड भरडून पाहिला. तितका जुना एकही कण मिळाला नाही. तेव्हापासून गप्प आहे.

सही केली तर खोटी चिठ्ठी नव्या कोठारात जाईल. खरं लिहिलं तर तुमची रेषा पुसली जाईल, आणि तिच्यावर मी करून घेतलेले दोन प्रबंधही. तुम्ही असता तर ओरडला असता, पण खरं लिहायला लावलं असतं. आज सतराव्या नमुन्यापुढे लिहिलं: ठिकाण चुकीचं, चूक चिठ्ठीची. कोणाची चिठ्ठी, ते लिहिलं नाही.

तुम्हाला सांगते. हैदराबादच्या कोठी मोहल्ल्यात वाढलेल्या मुलीला परसों कळत नाही, असं होत नाही. मला त्याच क्षणी शंका आली होती. पण आदल्याच दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बाई, शंका घरी ठेवून येत जा." मी ठेवून आले होते.