बुडाखालची नावं

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

मूठभर दुकान आणि हातभर शहाणपणा! बारीक टोकाचा काळा मार्कर मागितला, तर स्केचपेनांचा डबा पुढे केला. "बाई, नातवाच्या प्रोजेक्टला पायजे का?" म्हटलं, निजामाच्या पायदळाचे पट्टे काळे करायचे आहेत. शेवटी मीच काउंटरमागे जाऊन शोधला. एक काळा, एक सोनेरी.

ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. दोन फौजा मागे ठेवून गेले – मराठ्यांची आणि निजामाची. टेबलावर लढायचे दीड इंची प्लॅस्टिकचे शिपाई. मराठे पुरे रंगवले, निजामाचे पट्टे-बटणं राहून गेली. अर्धवट काम माझ्या घरात चालत नाही. ब्रशने माझी रेघ हलते, मार्करने हलत नाही.

प्रत्येकाच्या बुडाखाली पांढऱ्या पट्टीवर ह्यांच्या हातचं नाव आहे. सगळी जुन्या विद्यार्थ्यांची. संतराम. गुलाबसिंग. देविदास – त्यातल्या 'द'ची शेपटी वर उचललेली, फळ्यावर काढायचे तशी. पत्र लिहायचा ह्यांना कंटाळा. डायरी नाही, काही नाही. ह्यांचं अक्षर घरात आहे ते एवढंच.

चौदा पट्टे झाले आणि थंडीने बोटं आखडली. शकुबाई भांडी घासायला येते, तिने निलगिरीच्या तेलाची बाटली दिली आहे. चोळून बसले. अंगठा बुडाखाली, तर्जनी टोपीवर – की शिपाई हलत नाही. दिवेलागणीपर्यंत अठरा पट्टे.

रविवार, १६ नोव्हेंबर

व्यंकटराव भावजी दहाच्या गाडीने आले. ह्यांचे धाकटे भाऊ. बाळापूरहून दर रविवारी येतात, आणि मातीच्या चपला दारात काढा हे दर रविवारी सांगावं लागतं. निजाम त्यांच्याकडे, मराठे माझ्याकडे. हे होते तेव्हापासून निजाम त्यांचाच.

एक शिपाई डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "वहिनी, निजामाच्या माणसाला कुंकू काहून लावलं?"

कुंकू नाही, टोपीचा बिल्ला आहे. तोही ह्यांनीच रंगवलेला. म्हणे, "मग दादाची नजरच अधू!" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

माझा तोफखाना कापला. तीन फासे टाकले, तिन्ही सहा! "दादा असता तर म्हणला असता – व्यंकट्या, फासा चाटून टाकतो का बे?" मी हसले नाही.

ते गेल्यावर आवरायला घेतलं. चार शिपायांच्या बुडाखालची नावं गेली आहेत. संतराम म्हणजे नुसता करडा डाग!!

सोमवार, १७ नोव्हेंबर

चारही शिपाई निजामाचे. निजाम कोणाच्या हातात असतो?

ऑगस्टमध्ये म्हणाले होते, "वहिनी, निजामाची फौज मला न्हेऊ द्या. आठवण म्हणून." मी नाही म्हटलं. आठवण हवी तर डोक्यात ठेवावी.

या घरात हे पहिल्यांदा होत नाही. ९८ च्या वाटणीत माझं माहेरचं तांब्याचं घंगाळ बाळापूरला राहिलं. काठावर वडिलांचं नाव आणि माझ्या लग्नाची तारीख कोरलेली. चार वर्षांनी परत आलं ते काठ कानशीने घासून. कोणी घासलं? कोणीच नाही! भांडं लाटायचं तर लोक आधी नाव घासतात. माणूस शिकला तरी ही खोड जात नाही, आणि भावजी तर दहावी.

चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होते. चोर मला चालण्यावरून ओळखू येतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दुपारी भिंग घेऊन निजामाचे एकूण एक शिपाई उलटे करून तपासले. ते चार सोडता सगळी नावं जागेवर. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मग तेल चोळलं आणि बटणांना बसले. अकरा जणांची सोनेरी बटणं झाली. एकेक ट्रेमध्ये ठेवला, कपाट बंद केलं. किल्ली कमरेला. आता बघू.

रविवार, २३ नोव्हेंबर

अकरा नावं गेली. अकरा!

आज त्यांना जाऊ दिलं नाही. खेळ संपताच त्यांच्यासमोर ट्रे उलटा केला. "हे काय आहे, भावजी?"

"आरं देवा," म्हणाले. "शाई उडून राहिली का काय?"

शाई उडते! सात वर्षं उडाली नाही ती.

"खिसे दाखवा."

दाखवले. एसटीचं तिकीट, तंबाखूची पुडी, रुमाल. रुमालावर काळा डाग. हा कसला?

"वंगण हाय, वहिनी. विहिरीवरली मोटार खोलली होती सकाळी."

म्हटलं, नरसीच्या नामदेवाची आण घ्या. सत्तरीचा माणूस. टोपी काढली, देवघराकडे तोंड केलं. "नामदेवाची आण. दादाच्या अक्षरावर म्या वाईट बोट ठिवलं न्हाई."

मी म्हटलं, "आमच्या घंगाळाची आणसुद्धा तुमच्याच घरात सगळ्यांनी घेतली होती."

चपला पायात न घालता हातात धरून जिना उतरले. नाटक!

सोमवार, २४ नोव्हेंबर

कपाटाला नवं कुलूप.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

शिपायांना हात लावला नाही. लावावासा वाटला नाही.

भावजींचा दोनदा फोन. घेतला नाही. बाळापूरच्या चार लोकांना मात्र काय झालं ते सांगितलं. लपवायचं मी का?

शकुबाई भांडी घासताना म्हणते, "बाळापूरचे पाव्हणे येणार का परवा? का बाहुल्याचा खेळ मोडला?"

बाहुल्या नव्हेत, फौज आहे म्हटलं.

"फौज तर फौज. भांडण तर बाहुल्यावाणीच केलं न्हाई का?"

तिला उद्यापासून ओटाही पुसायला सांगितला आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

सवयीने दोघांचा भात टाकला. उरला. फोडणी देऊन संध्याकाळीही तोच.

दोन्ही बाजूंनी मीच खेळून बघितलं. निजाम हरला. काही मजा नाही.

कोरी झालेली पंधरा नावं मी लिहू शकते, माझ्या वहीत सगळी उतरवून ठेवली आहेत. मार्कर उघडला आणि बंद केला. माझं अक्षर हजेरीपटाचं. संतरामला ते कशाला?

सोमवार, १ डिसेंबर

बाळापूरच्या कंडक्टरने स्टँडवरून फोन केला – पार्सल आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला निजामाचा हत्ती. हा ह्यांनी भावजींना नऊ वर्षांपूर्वी दिला होता. दर रविवारी खिशातून आणायचे आणि खिशातून न्यायचे. सोबत वहीचं पान:

"वहिनी, हा बी तुमच्याजवळच असू द्या. खाली नाव बराबर हाय, पाहून घ्या. आता येत नाही. – व्यंकट"

पाहिलं. स्टँडवरच उलटा करून, भिंग लावून. पांढऱ्या पट्टीवर ह्यांच्या हातचं 'व्यंकट'. एक रेघ हललेली नाही. नऊ वर्षं खिशात फिरून!

म्हणजे स्वतःचं नाव तेवढं बरं जपता येतं! दुसऱ्यांचं तेवढं पुसायचं. यापेक्षा धडधडीत पुरावा मला नको. पानाच्या मागे तारीख घालून ठेवलं.

मंगळवार, २ डिसेंबर

हत्तीच्या अंबारीची सोनेरी कड झिजलेली. बघवेना. सकाळी तेल चोळलं, मार्कर हलवला, हत्ती धरला – अंगठा बुडाखाली. कड पुरी करून खाली ठेवला.

तेलकट अंगठ्यावर उलटं 'व्यंकट'. हत्तीखाली करडा डाग.

पंधरा आधीची. हे सोळावं.

अंगठा धुतलेला नाही. बाळापूरची गाडी साडेअकराला आहे.