पोफळी या नावाचा ताबा

मी, मार्तंड दत्तात्रेय रिसबूड, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त विज्ञानशिक्षक, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोळ्यांना काचबिंदू आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो डोक्याबद्दलचा आहे. २०१६ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती.

१. राहते घर माझी एकुलती एक मुलगी क्षिप्रा हिला द्यावे. ती पुण्यात असते, विकायचे तर खुशाल विकावे. पर्यटकांना खोल्या द्यायच्या ठरवल्या तर पाटीवर 'समुद्रदर्शन' असे लिहू नये. या घरातून समुद्र पूर्वी दिसायचा, आता दिसत नाही. त्याला जबाबदार मी आहे, ते कलम ५ मध्ये येईल.

२. बँकेतली शिल्लक माझ्या आजारपणाला लागेल तेवढी लागू द्यावी, उरेल ती क्षिप्राची. तेराव्याचे जेवण घालू नये. घातलेच, तर उत्तरेच्या शेजाऱ्यांना आमंत्रण देऊ नये. त्यांनी १९९१ साली कुंपण दोन हात आत सरकवले आणि वर माझ्याच अंगणात उभे राहून मला कायदा शिकवला. मात्र न बोलावता आले तर पोटभर वाढावे.

३. आईच्या सोन्याच्या पाटल्या धाकटी बहीण कुमुद लेले, राहणार पनवेल, हिला द्याव्यात. माझी हत्यारे, म्हणजे मल्टीमीटर, डाख द्यायचे सोल्डरिंग आयर्न, दोन पकडी आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच, हायस्कूलच्या प्रयोगशाळेला द्यावी. तिथल्या कपाटाला कुलूप आहे का, ते आधी पाहावे.

४. शिल्लक राहिलेली सव्वीस गुंठे वाडी, नारळ-पोफळींसह आणि विहिरीसह, सगळीच्या सगळी धाकटा भाऊ अजेय याला द्यावी. क्षिप्राला मी हे सांगितले आहे. "सगळी का, बाबा?" असे तिने विचारले तेव्हा मी विषय बदलला. उत्तर पुढे आहे.

५. हे कलम मालमत्तेचे आहे की पापाचे, असे वकीलसाहेबांनी मला विचारले. दोन्हीचे आहे, पण कायद्यात बसत नसले तरी ते राहू द्यावे.

अजेय जहाजावर इंजिनियर होता. २००१ साली व्हॉट्सॲप नव्हते. संगणकावर गप्पांची जाळी होती, त्यात कोणीही आपली खोली उघडावी आणि आपल्या माणसांना बोलवावे. आमच्या खोलीचे नाव 'नागाव'. रविवारी सकाळी अकराला मी अलिबागच्या सायबर कॅफेत बसायचो, कुमुद पनवेलला तिच्या घरी आणि अजेय ज्या बंदरात असेल तिथून. खोली मी उघडलेली, म्हणून कोणाला आत ठेवायचे आणि कोणाला बाहेर काढायचे, हे माझ्या हातात. मी 'मास्तर' होतो. अजेय लहानपणापासून उंच आणि काटकुळा, घरात त्याला पोफळी म्हणत, तेच नाव त्याने तिथे घेतले.

एकदा तो समुद्रावर असताना कोणा परक्याने 'पोफळी' हे नाव घेतले आणि कुमुदशी नको ते बोलला. तेव्हा मी ते नाव नोंदवून टाकले. नोंदणी झाली की नावाला पासवर्ड लागतो. तो एका मिनिटात दिला नाही, तर जाळे त्या माणसाचे नाव आपोआप काढून घेते आणि त्याला 'पाहुणा' करून पुढे एक आकडा चिकटवते. साठ दिवस कोणी फिरकले नाही, तर नोंदणी बुडते.

नोंदणी मी माझ्या ईमेलवर, माझ्या पासवर्डने केली. आमच्याकडे सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव आधी लागते. बाबा गेल्यावर अजेयने मला कुलमुखत्यारपत्रही असेच करून दिले होते. पासवर्ड मी त्याला फोनवर कळवला आणि म्हटले, "तुझ्या नावावर करून घे." तो हसला. म्हणाला, "दादा, तूच सांभाळ. मी एक तर इंजिन सांभाळीन, नाही तर हे."

२००४ साली समुद्राकडच्या चौदा गुंठ्यांना मुंबईचे गिऱ्हाईक आले. त्याला तिथे कॉटेजेस बांधायची होती. किहीमपासून इथपर्यंत ज्याने त्याने विकले होते, मीच मागे राहतो की काय असे मला झाले होते. घरही गळत होते. अजेयच्या जागी सही करण्याचा अधिकार माझ्याकडे होताच, अडले होते आईपाशी. ती म्हणाली, "अजेय हो म्हणाला तरच मी सही करीन. त्याला त्या पट्ट्याचा लळा आहे." अजेयचे जहाज महिनाभर कोणत्याच बंदराला लागणार नव्हते आणि गिऱ्हाईक आठ दिवसांपलीकडे थांबायला तयार नव्हते.

त्या रविवारी आई पनवेलला कुमुदच्या शेजारी बसली होती. मी कॅफेत दुसरी खिडकी उघडली, 'पोफळी' म्हणून आत गेलो, पासवर्ड दिला आणि लिहिले, "आई, दादा म्हणेल तसं कर. माझी हरकत नाही."

पुढचे कुमुदने मला नंतर कौतुकाने सांगितले. आईने विचारले, "तोच आहे ना गं?" कुमुद म्हणाली, "अगं, नोंदवलेलं नाव आहे. दुसऱ्या कुणाला घेताच येत नाही." आईने बुधवारी सही केली. मी त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला.

पाचव्या आठवड्यात अजेय डर्बनला उतरला. त्याला स्वतःचे नाव मिळेना. पाहुणा आणि पुढे आकडा, असा तो खोलीत आला, पोफळीच्या होकारावर जमीन विकल्याचे आमचे बोलणे त्याने वाचले आणि लिहिले, "ताई, मी अजेय. जमिनीबद्दल मी काहीच बोललेलो नाही." मी घाबरलो. घाबरलेला माणूस गप्प बसला असता तरी चालले असते. मी 'पोफळी' होऊन लिहिले, "हा कोण?" कुमुदने लिहिले, "तोतया आला बघा!" आणि मी 'मास्तर' होऊन माझ्या सख्ख्या भावाला खोलीबाहेर काढले. या सगळ्याला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

मग त्याच रात्री त्याने नागावला घरी फोन केला. आई म्हणाली, "तूच हो म्हणालास, आता फिरतोस?" दादाने केले असेल, असे तो म्हणाला तेव्हा आईने, "थोरल्या भावावर आळ घेतोस?" असे म्हणून फोन ठेवला. मी शेजारच्या खोलीत सुपारी कातरत होतो. उठून चार पावले गेलो असतो तर झाले असते. मी कातरत राहिलो.

आई २००९ साली गेली. शेवटपर्यंत अजेयबद्दल ती एकच सांगायची, की तो शब्दाला जागला नाही. तिच्या दहाव्याला तो आला, अंगणात उभा राहिला, पाणीसुद्धा न घेता गेला. आता तो ऑकलंडला असतो. मला पत्र नाही, फोन नाही. त्याची काही चूक नाही.

ते नाव मी अजून राखले आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, आता पडद्यावरचे अक्षर मोठे करून, आत जातो, नाही तर नोंदणी बुडेल. आत गेले की जाळे सांगते, की मधल्या काळात कोणी चुकीचा पासवर्ड किती वेळा देऊन पाहिला. २०१२ पर्यंत तो आकडा मधूनमधून दिसायचा. दोन वेळा, तीन वेळा, एकदा अकरा वेळा. तो अजेय होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. माझा पासवर्ड किती भक्कम आहे, याचे मला तेव्हा समाधान वाटले, हेही लिहून ठेवतो. २०१२ नंतर शून्य. हे शून्य मी तेरा वर्षे पाहतो आहे आणि आता मला ते सोसत नाही.

म्हणून व्यवस्था अशी: एका मिनिटाचा पहारा मी उठवला आहे. पासवर्ड बंद पाकिटात आहे, ते माझ्या मागे अजेयला पाठवावे, सोबत या कलमाची प्रत जोडावी. त्याचे उत्तर येईपर्यंत क्षिप्राने महिन्यातून एकदा आत जाऊन नोंदणी जिवंत ठेवावी. त्याला ते नाव नकोच असेल तर सोडून द्यावे. मग जगातल्या कोणीही घेतले तरी चालेल, फक्त माझ्या ताब्यात ते राहू नये.

६. क्षिप्राने व्यवस्थापक म्हणून वरीलप्रमाणे अंमल करावा.

वाचनाची नोंद. मला स्वतःचे अक्षर वाचता येत नसल्याने हा मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचायचा होता. वकीलसाहेब वाचणार होते. मी कुमुदला पनवेलहून बोलावून घेतले आणि कागद तिच्या हातात दिले. तोंडाने सांगायला मला जमले नसते.

ती "हा कोण?" पर्यंत आली आणि थांबली. तिने चष्मा काढला. "दादा, तोतया मी लिहिलं होतं."

मी हो म्हणालो.

"आणि तू मला लिहू दिलंस."

पूर्वेचे शेजारी रामचंद्र म्हात्रे पहिले साक्षीदार म्हणून बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "मास्तर, म्या बाहेर पडवीत बसतंय. सहीला हाक मारा." कुमुदने त्यांना थांबवले आणि उरलेले शेवटपर्यंत वाचले, आवाज न चढवता. मग म्हणाली, "माझ्या मागे पाठवावे, म्हणजे काय? तू गेल्यावर त्याने भांडायचं कुणाशी? उद्याच पाठव." म्हणून कलम ५ मधील 'माझ्या मागे' हे शब्द खोडून 'उद्या' असे केले आहे. दुरुस्ती मला मान्य आहे. तो भांडला तर मी ऐकेन.

दुसरे साक्षीदार म्हणून डॉक्टर यायचे होते. कुमुद म्हणाली, मी सही करते. वकीलसाहेबांनी समजावले, की साक्षीदारानेच मृत्युपत्राखाली काही घेतले तर पुढे वाद निघतो, पाटल्या सोडाव्या लागतील. "क्षिप्राला द्या," ती म्हणाली. कलम ३ त्याप्रमाणे दुरुस्त केले आहे.

ठिकाण: नागाव, तालुका अलिबाग
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) मार्तंड दत्तात्रेय रिसबूड

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

साक्षीदार १. (सही) रामचंद्र जोमा म्हात्रे, राहणार नागाव

साक्षीदार २. (सही) कुमुद श्रीधर लेले, राहणार पनवेल. स्वतःच्या हाताने लिहिते, की मजकूर मीच वाचला आणि आईच्या वतीने ऐकला.