वळणावरची हाक

व्हेनिस, ९ फेब्रुवारी १९५८

प्रिय मोमोलोदादा,

तू बरा असशील. तुरिनच्या कारखान्यात थंडीचं काय करतोस? इथे चार दिवस धुकं आहे. समोरचा पूल दिसत नाही, पण त्यावर भांडणाऱ्या बायका व्यवस्थित ऐकू येतात.

उपवासाचे दिवस जवळ आले, गल्लीभर मनुकांच्या गोड वड्यांचा वास सुटलाय. एकदा तू सोळा खाऊन कालव्यात ओकला होतास, आठवतं? भरती आली की आपण खिडकीत बसून किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचो. या गावावर माझा फार जीव आहे. तुझाही होता.

बाबांनी अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणतात, ईस्टर काही दिसायचा नाही. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण माझं नेहमीचंच: नको तिथे बडबड आणि हवं तिथे तोंडाला कुलूप.

कालव्याच्या वळणावरचा तो कोपरा तू विसरला नसशील. भाजीची होडी, मधे टोपल्यांना टेकून पेंगणारे बाबा, त्यांचा हात होडीच्या काठावर. मी वल्ह्यासाठी तुझा पिच्छा पुरवला. "घे बाई, पण वळणावर समोरच्या नावेची हाक आली तर ओ दे, नाहीतर बाबा मला सोलतील," तू म्हणालास. हाक आलीही. पण पुलावर माझ्या शाळेतल्या मुली उभ्या होत्या. नावाड्यासारखी बोंब ठोकते म्हणून हसतील, असं वाटलं मला. मी ओ दिली नाही, दादा. वाट मोकळी समजून विटांनी भरलेली नाव वळली.

बाबांचा हात दोन होड्यांच्या काठांमध्ये चिरडला. ते किंचाळून मागे वळले, तेव्हा वल्हं तू माझ्याकडून हिसकावून घेतलं होतंस. "जीभ झडली होती का तुझी?" ते तुला म्हणाले. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि गप्प राहिलास. महिन्याभरात त्यांनी तुला घराबाहेर काढलं. मी अकरा वर्षं तुला नाताळची कार्डं पाठवत राहिले. लाज वाटते.

आज सकाळी सूप भरवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चमचा उडवून दिला. "चालती हो." मी स्वयंपाकघरात रडत बसले. तासाभरानं आतून आवाज आला, "एल्दा! मेलीस का? होडीतलं पाणी उपसलंय?"

"कशाला?"

"स्टेशनवर जायला. त्याला काय पोहत आणणार?"

"बाबा, तो नाही येणार."

"न का येईना. त्यानं अकरा वर्षं गिळलं, मला एक दुपार धक्क्यावर वाट बघत बसता येणार नाही?"

या धुक्यात बाहेर नेलं तर परत आणता येणार नाही, असं डॉक्टर बजावून गेलेत. बाबांनी टोपी उशाशी काढून ठेवलीय.

शनिवारी दुपारच्या गाडीला आम्ही स्टेशनच्या पायऱ्यांपाशी असू. वल्हं माझ्या हातात असेल. धुक्यात काही दिसलं नाही तर मी हाक घालीन, अख्खं गाव हसलं तरी. तू ओ दे, दादा. नाही दिलीस तरी तुला बोल लावणार नाही. मीही दिली नव्हती.

अकरा वर्षं उशिरा तोंड उघडणारी,
तुझी एल्दा