आईचं रविवारचं हसू

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. तू विचारतेस, मी अशी फुगून का बसले आहे. फुगायला मला वेळ कुठे आहे? दिवसभर सरकारी खात्यात कानाला हेडफोन लावून टायपिंग करायचं, खोलीवर येऊन एकटीपुरता कुकर लावायचा, की संपला दिवस.

आईचं शिलाई मशीन तुझ्या लेकीला द्यायचं ठरलं, त्याबद्दल अभिनंदन. लहानपणी त्या मशीनखाली बसून चिंध्या मी वेचल्या, तेव्हा वाटलं होतं, निदान मला विचारतील तरी. भावजींनी नळ दुरुस्त करताना स्वयंपाकघराचं तळं केलं, त्यावर आई म्हणे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. माझ्याशी बोलताना ती ‘जेवलीस का, दार नीट लाव’ एवढं म्हणून फोन ठेवते. माझा जळफळाट होतो आणि मी तो लपवत नाही.

लेकीला मशीनला वेळेवर तेल घालायला सांग. सगळं तुलाच मिळालंय, तर थोडा लोभ इकडेही वळू दे.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. मग हातातली भाजी तशीच ठेवून ते परत वाचलं. अगं, मशीनचं अजून काहीच ठरलेलं नाही. आईने मागे एका रविवारी फोनवर नुसता विषय काढला होता. तिला विचारलं, तर ती शपथेवर सांगते की तिने कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. नळाचं तर ह्यांनी मला बजावलं होतं, बाहेर बोललीस तर बघ. बसच्या डेपोतला फिटर आणि घरचा नळ जमेना, म्हणून लाजत होते बिचारे. मी फक्त आईला सांगितलं, तेही फोनवर. मग तुला कुणी सांगितलं? तू नक्की कसलं टायपिंग करतेस गं?

इकडे लेकीचा पासपोर्ट अडला आहे. परदेशात शिकायला जागा मिळाली, बॅग भरून झाली, आणि खिडकीवरचा कारकून म्हणतो, पडताळणीत काहीतरी आलंय, काय ते सांगता येत नाही. बाप फिटर, आई दातांच्या दवाखान्यात नंबर लावणारी. आमच्याबद्दल काय येणार, कप्पाळ?

खरं काय ते कळव. फोनवर नको, पत्रातच लिही. मला उगाचच फोनची भीती वाटायला लागली आहे. कान उपटायचा विचार असला तरी लोभ जागेवर आहे.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पत्रं उघडायला आमच्याकडे माणसं कमी आहेत, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

आमचं खातं लोकांचे फोन ऐकतं. गुन्हेगारांचेच नाही, सगळ्यांचे. यंत्र सगळं चाळत असतं आणि एखादा शब्द खटकला की तो नंबर आमच्यापैकी कुणाच्या तरी कानात सोडतं. कुकरचा स्फोट होता होता वाचला, असं आई तुला एकदा म्हणाली होती. ते माझ्याकडे आलं. त्यावर ‘घरगुती’ असा शेरा मारून मी सोडून द्यायचं होतं. पण ताई, आई हसत होती. इतकी मोकळी हसताना मी तिला कधीच ऐकलेलं नाही. माझी पाळी रविवारी पाचला सुरू होते आणि मी खुर्चीवर बसले की तुमचं खिदळणं चालूच असतं. मला पुढच्या रविवारीही ते ऐकायचं होतं. शेरा ‘संशयास्पद’ असेल तरच नंबर चालू राहतो. तो शेरा मी मारला. तुझ्या नंबरवर आणि आईच्याही. पासपोर्ट त्यामुळेच अडला असणार, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, चहाच्या वेळी, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा आईच्या हसण्याची नक्कल करत होता. शेवटी तिचा श्वास अडकतो ना, तेसुद्धा हुबेहूब. सगळा विभाग पोट धरून हसत होता. तुम्हा दोघींना तिथे ‘मशीनवाल्या’ म्हणतात आणि रविवारची पाळी लोक मागून घेतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हसण्यावर जळायचं तर मी जळेन, मी तिची मुलगी आहे. हा कोण लागून गेला? मी कप तिथेच ठेवला, बाहेर पडले आणि एका बातमीदार बाईंना सगळं सांगून टाकलं.

बातमी तू वाचलीच असशील. मंत्री म्हणतात, सामान्य माणसाचं एक अक्षरही आम्ही ऐकत नाही. मला कामावरून काढलं आहे, खटलाही होईल. चौकशी समिती म्हणते, तुमच्या एकटीच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा? ज्यांचं बोलणं ऐकलं, त्यांच्यातल्या कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की हो, मी हे बोलले होते. येशील का? नाही म्हणालीस तर मला पुढे बोलायला तोंड नाही. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे, पण आज तो मागवत नाही.

धाकटी

१६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. लिहिताना हात आखडला होता, तरी लिहिलं आहे.

लेक उशीत तोंड खुपसून पडून असते, आणि हे तिच्या सख्ख्या मावशीमुळे, हे मला अजून पचत नाही. आईला फोनवर मी काय काय सांगितलं, माझी दुखणी, ह्यांच्याशी झालेली भांडणं, ते आठवून अंगावर काटा येतो. तो नकल्या ऐकत होता याचा राग आहेच. तू ऐकत होतीस याचा त्याहून जास्त आहे.

आता तूही ऐक. तू पाचला हेडफोन लावायचीस. आम्ही साडेचारला सुरू करतो. आधीचा अर्धा तास काय चालतं, ते तुला माहीत नाही. आई म्हणत असते, धाकटीचा आवाज बसल्यासारखा वाटला, तिला तिथे फार राबवतात का, एकटी राहते, मी जास्त बोलले तर मला रडू येईल आणि तिला कळेल म्हणून पटकन ठेवते. दर रविवारी हेच. माझा गुडघा सुजलाय, हे सांगायला मला मध्ये जागाच मिळत नाही. आई रडवेली झाली की मग मी नळ, कुकर, ह्यांची फजिती काढून तिला हसवते. निम्मे किस्से तर मी रचून सांगते. ते हसू मला काही फुकट मिळत नाही. मीसुद्धा तुझ्यावर वर्षानुवर्षं जळते आहे, फक्त माझ्याकडे हेडफोन नव्हता.

मी समितीपुढे येईन. लेकीसाठी येईन, तुझ्यासाठी अजून नाही. बोलणं माझंच होतं हे सांगताना तो पहिला अर्धा तासही मला सांगावा लागेल. तेव्हा माझ्या समोर बसून ऐक. राग ओसरला की लोभाचं बघू.

ताई

२३ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ताईने सगळं सांगितलं. तिला वाटलं, मी हाय खाईन. मी चिडले आहे, तुम्हा दोघींवर आणि त्या मंत्र्यावरही. मुलीने ऐकलं ते ऐकलं, पण माझ्या घरातलं बोलणं चहाबरोबर वाटायला मी कुणाला परवानगी दिली नव्हती. म्हणून मीही येते आहे. तो नकला करणारा तिथे असेल, तर त्याला एकदा माझ्यासमोर हसून दाखवायला सांगणार आहे.

मशीन मी कुणालाच देत नाही. अजून माझे हात चालतात. समितीपुढे घालायला तिघींसाठी एकाच ताग्यातलं कापड आणलं आहे, म्हणजे तुला चांगलं दिलं की तिला, ही कटकट नको. ताईचं माप तिला विचारून घ्यावं लागलं. तुझं मला पाठ आहे. एकटी राहून बारीक झाली असशील तर लिहून कळव. फोनवर मात्र सांगू नकोस, तुझ्या कमरेशी सरकारला काय करायचंय?

आणि मापाचं ताईला कळू देऊ नकोस, ती रुसेल. हे आपल्या दोघींतच राहू दे.

तुझी,
आई