चिहिरोचा गुडघा

नायमेखन,
नेदरलँड्स, ९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. वसुधाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरचा नमस्कार सवयीने लिहिला आहे, मनात नुसता राग आहे. परवा मी फोनवर ओरडले तेव्हा तू म्हणालीस की राग खरा असेल तर कागदावर लिही आणि खाली सही कर. तर हा घे. बाबा म्हणतात, टपालात टाकण्याआधी एक दिवस थांब. मी थांबणार नाही.

तू पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या बॅडमिंटन क्लबची लीगची फायनल होती. माझी जोडीदारीण चिहिरो बाकावर बसून वॉर्म-अपची वाट पाहत होती. तू पिशवीतून निर्गुडीच्या तेलाची बाटली काढलीस, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतलास, गुडघ्याचा पट्टा सोडलास आणि सगळ्या हॉलसमोर चोळायला लागलीस. वडीलधाऱ्या बाईच्या हातातून पाय ओढून घेणं तिला जमेना. समोरून कोच आला, त्याला सूज दिसली आणि तिचं नाव कापलं गेलं. माझ्याबरोबर क्लबमधल्या फेम्केला उतरवलं. तिच्याबरोबर मी कधी डबल्स खेळलेच नव्हते. मधोमध आलेलं शटल मी तिच्यासाठी सोडलं, तिने माझ्यासाठी. हरलो.

हरल्याचं मी विसरेन. पण चिहिरोची हकीकत तू स्वतः तिच्या तोंडून ऐकली होतीस. शाळा संपल्यावर ती जपानमधल्या एका कंपनीच्या संघात गेली. तिथे कुणी कुणाबरोबर खेळायचं ते कंपनी ठरवते. कंपनीने दिलेल्या जोडीदारणीबरोबर ती नऊ वर्षं खेळली, लोक दोघींची नावं एका दमात घ्यायचे. मग जोडीदारणीने लग्न करून खेळ सोडला, आणि कंपनीने चिहिरोला हिशेबखात्यात एक टेबल दिलं. जोडीदार नसलेल्या डबल्सवालीला विचारतो कोण? एकतिसाव्या वर्षी ती आमच्या या लहानशा क्लबात आली, पोरांना शिकवायला आणि माझ्याबरोबर खेळायला. तिचं एवढंच उरलं होतं. गुरुवारी क्लबने कळवलं की पुढच्या हंगामाचा करार नाही. ती जपानी रिवाजाने कमरेत वाकली आणि सॉरी म्हणाली. मी नेटमध्ये मारलं तरी सॉरी तीच म्हणते, हे तू पाहिलंच आहेस.

संक्रांतीला पंगतीतून उठताना तिने भिंत धरली तेव्हाच तुला कळलं होतं. घरी दार लावून का नाही बोललीस?

लोभ असावा असं लिहायला आज हात उचलत नाही.

तुझी,
संहिता


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. संहितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इतकी वर्षं तिकडे राहून तुझं मराठी अक्षर टिकलं याचा आनंद झाला. बाकी वाचून अंगाचा तिळपापड झाला. सुजलेल्या पायावर पट्टा आवळून तिला खेळवणारे राहिले बाजूला आणि तेल लावणारी मी गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

घरी बोलले होते. संक्रांतीलाच, तुम्ही ताटं उचलत होता तेव्हा, दुखतं का म्हणून विचारलं. हसली आणि ठीक आहे म्हणाली. त्याआधी तुमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आली होती, त्याने पॅरासिटामॉल घ्या म्हणून परत पाठवलं. ठीक आहे म्हणणाऱ्या खेळाडूवर मी विश्वास ठेवत नाही, कारण मीही तेच म्हणायची.

तुला हे कधी सांगितलं नाही. आमच्या जोडीत मी पुढे खेळायची आणि चारुता मागे. मागच्याला पुढच्याचे पाय दिसतात. माझा गुडघा तिला रोज दिसत होता, मॅनेजरला दिसत होता, सगळ्या संघाला माहीत होता. एकानेही तोंड उघडलं नाही आणि वर त्याला निष्ठा म्हणाले. सव्विसाव्या वर्षी माझा खेळ संपला. आज मी जिना कठडा धरून, तिरकी होऊन उतरते. चारुता दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवते आणि मी तो उघडत नाही. चार लोकांत लावलंस म्हणतेस. चार लोकांत लावलं म्हणून तर थांबली ती.

आणि एक विचारते. तुझा राग वाचला. तिचा कुठे आहे? कंपनीने टाकलं, ही वाकली. क्लबने टाकलं, ही वाकली. तिला राग येतच नाही की तिच्या वाटचा तूच करतेस? तिला विचार आणि ती बोलेल तेवढंच लिही. तुझी भर नको.

तुझ्या बाबाला, प्रतापला सांग, बहीण ठणठणीत आहे. तुझा राग राहू दे, पण पत्र लिहीत जा.

तुझी,
वसुधाआत्या


नायमेखन,
१६ मार्च २०२५

ती. स्व. वसुधाआत्यास,
शि. सा. न.

चिहिरो बोलते आहे, मी फक्त मराठीत लिहिते आहे. भर घातलेली नाही. — संहिता

मी तुमच्यावर रागावले आहे. हे वाक्य मी आधी घरी एकटीने मोठ्याने म्हणून पाहिलं.

कंपनीने माझी जोडी ठरवली. ती मोडली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. क्लबने मला ठेवलं आणि काढलं. निदान माझा शेवटचा सामना कुठला, हे तरी मी ठरवीन असं मला वाटत होतं. तो मी निवडला होता. गुडघा जाणार हे मला माहीत होतं आणि त्याची माझी तयारी होती. तुम्ही तेवढंही माझ्या हातून घेतलंत.

हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले की त्या दिवशी खेळले असते तर पुढे चालणंही अवघड झालं असतं. म्हणजे तुमचं बरोबर होतं. तुमचं बरोबर होतं म्हणून माझा राग चूक ठरत नाही.

एवढ्या वर्षांत सगळ्यांनी मला खेळता येईल का एवढंच विचारलं. दुखतं का, हे तुम्ही विचारलंत. त्यामुळेच असेल, इतर कुणावर मला इतका राग आला नाही. तुमच्यावर आला, आणि तो आल्यावर बाकीच्यांवरचाही निघाला. काल मी क्लबच्या बैठकीत गेले. सूज पहिल्यांदाच दिसल्यासारखा दचकलेल्या कोचला सगळ्यांदेखत सांगितलं की तो पट्टा त्यानेच मला आणून दिला होता. मग उठून आले. वाकले नाही. करार मिळालेला नाही. एप्रिलमध्ये ऑपरेशन आहे, तोवर संहिताकडे राहते आहे.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मी माफी मागत नाही. संहिता म्हणाली, हे वाक्य नसलं तरी चालेल. मी तिला लिही म्हणाले.

राग आहे, लोभही असू द्यावा.

आपली,
चिहिरो

ता. क. तेल संपलं आहे. दुसरी बाटली पाठवा. ते कधी आणि कुठे लावायचं, हे मी ठरवीन.