बिडाची गाठ

वाशीम,
ता. १ नोव्हेंबर १९३८

चि. दौलतराव यास आशीर्वाद.

तुझ्या राखणदाराने, पुंजाजीने, काल ठाण्यात जबानी दिली की तांड्यावरची रुपाबाई खडकावरून घसरून मेली. म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

तुझ्या बायकोचा, रंगूबाईचा, खोकला थांबला का? अडुळसा कोमट पाण्यातच घ्यावा.

दिवाळीच्या सुटीत मी रोज सकाळी आपल्या बिडाच्या, राखीव गवताच्या, टेकडीवर चढत होते. वर कुणी नसते. कंबरेइतके गवत, वारा आणि पातळात रुतणारी कुसळे. साठ मुलींच्या वर्गानंतर मला ती शांतता हवी होती.

त्या सकाळीही मी वरच होते. रुपाबाई विळ्याने गवत कापत होती. तू आणि पुंजाजी खालून आलात.

"काहून वं, बीड तुह्या बापाचं हाय काय?" तू ओरडलास.

"गाठ सुटेल हाय, मालक. म्हून आली. चाला, पाहून घ्या."

"वाऱ्यानं सोडली असंन!" पुंजाजी हसला.

तुझी पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी डोक्यावर. कवटी ओल्या लाकडासारखी वाजली. ती पडल्यावरही तू मारत राहिलास. मग मी दिसले.

"अक्का, घरी जाय. बाई घसरून पडली, समजलं?"

काठी गवतात फेकून तुम्ही तिला पाय धरून खडकाकडे ओढत नेलेत. मी ती काठी पातळात गुंडाळली, दुपारच्या मोटारीने वाशीमला आले आणि पाच दिवस मुलींना भूगोल शिकवला.

आता उरलेले. बीड बंद असते तोवर वाटेच्या तोंडाशी उभ्या गवताला गाठ असते; आपली कापणी झाल्यावर ती सोडली की तांड्याने उरलेले गवत कापावे, ही आजोबांपासूनची रीत. आदल्या दिवशी त्या गाठीत माझा पाय अडकला. मी चिडून ती सोडली. परत बांधायला वाकले नाही.

रुपाबाई खरे बोलत होती आणि मी चाळीस पावलांवर उभी होते. 'मी सोडली' एवढेच म्हणायचे होते. तू भाऊ म्हणून गप्प राहिले असे समजू नकोस. भ्याले.

वकील चांगला शोध. मी साक्ष फिरवणार नाही.

आज ठाण्यात दिले: सहीची जबानी, पाने चार, तुझी काठी, तिच्या लोखंडी कड्यात केस अडकलेले. पोच घेतली.

रुपाबाईच्या नवऱ्याला, हरिसिंगला, दिली: जबानीची नक्कल. त्याला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. माझ्या चुकीचे, गाठ सोडल्याचे, वाक्य त्याने दोनदा वाचायला लावले.

तुझी अक्का,
तुळसाबाई